‘बॅकअप रोज होतो’ हे उत्तर नव्हे

बँक असो, रुग्णालय असो, साखर कारखाना असो की गावातली पतसंस्था. तिथल्या संगणक विभागात जाऊन ‘डेटा गेला तर काय कराल?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं : ‘बॅकअप रोज रात्री होतो.’ विचारणाऱ्याचं समाधान होतं, लेखापरीक्षक रकान्यात ‘होय’ लिहितो आणि चहा मागवला जातो. अडचण एवढीच, की हे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच नाही. डेटा परत कसा आणणार, किती वेळात आणणार आणि कुठल्या क्षणापर्यंतचा आणणार, हा प्रश्न होता. रात्री कुठेतरी एक फाइल तयार होते, एवढंच त्यावर सांगितलं गेलं.

डेटाबेस सांभाळण्याच्या ज्या टिपा सगळीकडे फिरतात, त्यांनीही हाच गोंधळ वाढवला आहे. बॅकअप कधी घ्यावा, किती प्रती ठेवाव्यात, कुठलं सॉफ्टवेअर वापरावं यावर पानंच्या पानं. आणि शेवटी ‘अधूनमधून रिस्टोअर करून पाहावं’ अशी एक ओळ. ही मांडणीच उलटी आहे. रिस्टोअर हे नेमून दिलेलं, वेळ लावून मोजलेलं काम असायला हवं आणि बॅकअप ही त्याची पूर्वतयारी. हे म्हटलं की हरकती येतातच. रेप्लिका आहे, क्लाउड आहे, आमचा माणूस हुशार आहे, एवढा खर्च कोण करणार. त्या हरकती हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. पण घडलेल्या घटनांपुढे त्यांतल्या फार थोड्या टिकतात.

३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची रात्रच घ्या. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात, अशी ही सेवा. तिचा पोस्टग्रेस डेटाबेस दोन सर्व्हरवर होता : एक मुख्य आणि दुसरी त्याची सतत अद्ययावत होणारी प्रत, म्हणजे रेप्लिका. त्या संध्याकाळी डेटाबेसवर अचानक ताण आला. स्पॅम टाकणाऱ्यांचा उपद्रव होताच. शिवाय कुणीतरी खोडसाळपणे गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदवली होती आणि ते खातं सगळ्या डेटासकट पुसण्याचं काम पडद्यामागे चालू होतं. रेप्लिका मागे पडत गेली आणि शेवटी थांबलीच, कारण तिला हव्या असलेल्या बदलांच्या नोंदी, म्हणजे वॉल फाइली, मुख्य सर्व्हरने तोवर काढून टाकल्या होत्या. आता रेप्लिका नव्याने उभी करायची. अभियंत्याने तिच्यावरचं डेटाचं फोल्डर रिकामं केलं आणि मुख्य सर्व्हरची प्रत काढणारा पीजी_बेसबॅकअप हा प्रोग्राम चालवला. आधी एका सेटिंगवरून कुरकुर झाली, मग दुसऱ्या. दोन्ही निस्तरल्यावर तो प्रोग्राम नुसता गप्प बसून राहिला. ना एरर, ना हालचाल. खरं म्हणजे तो मुख्य सर्व्हरकडून डेटा यायला सुरुवात होण्याची वाट पाहत होता आणि हे त्याचं नेहमीचंच वागणं होतं. पण गिटलॅबच्या कामाच्या टिपणांत ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. आधीच्या प्रयत्नांतल्या काही फाइली फोल्डरमध्ये उरल्या असतील आणि त्याच आडव्या येत असतील, असं समजून त्याने फोल्डर पुन्हा साफ करण्याची आज्ञा दिली. जागतिक वेळेनुसार रात्रीचे ११ वाजून गेले होते. आज्ञा ‘डीबी२’ या रेप्लिकेवर द्यायची होती, ती गेली ‘डीबी१’ या मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात आली, आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं.

‘बॅकअप रोज होतो’ हे उत्तर गिटलॅबकडेही होतं. दर २४ तासांनी पीजी_डंप चालून त्याची फाइल ॲमेझॉनच्या एस३ साठवणीत जात असे. तिथे पाहिलं तर काहीच नव्हतं. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि ज्या सर्व्हरवरून डंप निघायचा, तिथे ९.२ चा पीजी_डंप उचलला जात होता. आवृत्त्या जुळेनात, म्हणून तो दर वेळी एरर देऊन बंद पडे. एररची ईमेल निघत होती. पण तिच्यावर डीमार्क या ईमेल-पडताळणीला लागणारी सही नव्हती, म्हणून समोरचा सर्व्हर ती परतवून लावत होता. अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये डिस्कच्या स्नॅपशॉटची, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीची, सोय होती. ती फाइल सर्व्हरना लावली होती, डेटाबेस सर्व्हरना नाही, कारण डेटाबेसला बाकीचे इतके उपाय आहेतच असं गृहीत धरलं होतं. वाचवलं ते एका योगायोगाने. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी, वेगळ्याच एका प्रयोगासाठी, मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट हाताने काढून चाचणीच्या सर्व्हरवर ठेवला होता. त्या सर्व्हरच्या डिस्क मंद. उलटी कॉपी सुमारे १८ तास चालली आणि गिटलॅबने ती युट्यूबवर लोकांना थेट दाखवली. मधल्या काळातले सुमारे ५,००० प्रकल्पांचे तपशील, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नव्या सभासदांची खाती मात्र गेली ती गेलीच.

यावर पहिली हरकत येते ती अशी, की चूक माणसाची होती. नीट लक्ष देणारा माणूस नेमा. गिटलॅबने स्वतः जाहीर केलेल्या तपासात या हरकतीला उत्तर आहे. बॅकअप चालतो का, तो परत आणता येतो का, हे पाहण्याची जबाबदारी तिथे कुणाचीच नव्हती, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. चुकीच्या खिडकीत आज्ञा टाइप करणारा माणूस प्रत्येक कंपनीत आहे आणि तो बहुधा सर्वांत अनुभवी माणूसच असतो, कारण रात्री ११ वाजता मुख्य सर्व्हरला हात लावायची परवानगी दुसऱ्या कुणाला नसते. मुख्य सर्व्हरच्या टर्मिनलची पार्श्वभूमी लाल ठेवा, प्रॉम्प्टमध्ये ‘प्रॉडक्शन’ असं ठळक दिसू द्या, पुसण्याऐवजी फोल्डरचं नाव बदला. हे सगळं करावंच, फुकट आहे. पण त्याने चुकीची शक्यता कमी होते, संपत नाही. आणि आता तर आज्ञा माणूसच देईल असंही राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआय सहायकाने, कुठलाही बदल करू नकोस असं बजावलेलं असताना, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसला. वर तो आता परत आणता येणार नाही असंही ठासून सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला.

दुसरी हरकत रेप्लिकेची. ‘आमच्याकडे डेटाच्या तीन जिवंत प्रती आहेत’ असं अभिमानाने सांगितलं जातं. मशीन जळालं, डिस्क बसली, तर रेप्लिकेसारखा उपाय नाही, हे मान्यच. पण ती मुख्य सर्व्हरचं सगळं ऐकते. तिकडे टेबल उडवलं, की क्षणभरात इकडेही उडतं. जर्नलस्पेस नावाची ब्लॉग सेवा २००८ च्या अखेरीस बंद पडली. त्यांच्याकडे एकमेकींचा आरसा असलेल्या दोन डिस्क होत्या, बॅकअप म्हणून तेवढंच. डेटा दोन्हींवरून एकदमच पुसला गेला. त्याच्या पुढच्याच महिन्यात मॅग्नोलिया या बुकमार्क साठवणाऱ्या सेवेचा सुमारे अर्धा टेराबाइट डेटाबेस बिघडला आणि बिघडलेल्या फाइलीच बॅकअपवरही जाऊन बसल्या होत्या.

या बाबतीत मर्स्कचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे, आणि त्याची झळ आपल्या दारापर्यंत आली होती. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाच्या कंपनीकडे असलेलं टर्मिनलही त्यात सापडलं. कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. मर्स्कच्या बहुतेक सर्व्हरचे बॅकअप मिळाले. मिळेना तो डोमेन कंट्रोलरमधला डेटाबेस : कर्मचारी कोण, कुठलं मशीन कुणाचं, कुणाला कशाची परवानगी. हे ज्याच्यात साठवलेलं असतं, तेच नसेल तर बाकीचे सर्व्हर उभे करून उपयोग नाही. असे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर जगभर होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. इतक्या प्रती असताना वेगळा बॅकअप कशाला, असा हिशेब. सगळे एकदमच पुसले गेले. उरला एक, घानाच्या कार्यालयातला, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटला होता. तिथलं इंटरनेट इतकं मंद, की डेटा पाठवायला दिवस लागले असते. डिस्कच इंग्लंडला न्यायची, तर घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी तिथला एक कर्मचारी विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर डिस्क दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन इंग्लंडला पोचला. तेव्हाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर कंपनीला तारलं ते वीज जाण्याने!

नॉटपेट्याने हजारो संस्थांना जे शिकवलं, ते दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा दिसलं. रॅन्समवेअरने पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद केला. ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो ज्या बॅकअप सर्व्हरपर्यंत हल्ला पोचला नव्हता, त्याच्यावरून. तरीही रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस कागदावर चालली. म्हणजे प्रत शाबूत असणं ही एक गोष्ट आणि तिच्यावर काम सुरू होणं ही दुसरी.

रेप्लिका वापरायचीच, तर एक मुद्दाम मागे ठेवावी. पोस्टग्रेस आणि माय-एसक्यूएल दोन्हींत रेप्लिका तासभर किंवा चार तास उशिराने चालवायची सोय आहे. चुकीचा हुकूम तिच्यापर्यंत पोचायच्या आत तिला थांबवलं, की पुष्कळ काम झालं. अर्थात त्यासाठी चूक तासाभरात कळावी लागते.

तिसरी हरकत क्लाउडची, आणि आजकाल हीच सर्वांत जोरात असते. ‘आम्ही मॅनेज्ड डेटाबेस घेतला आहे, ते सगळं ॲमेझॉन बघतं.’ ॲमेझॉन नेमकं काय बघतं, हे मात्र वाचलेलं नसतं. आरडीएस या त्यांच्या डेटाबेस सेवेत आपोआप होणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. डेटाबेस काढून टाकताना ते राखून ठेवायचा पर्याय निवडला नाही, तर त्याच्याबरोबर तेही जातात. मागच्या एखाद्या क्षणापर्यंत डेटा परत आणला, तर तो जुन्या जागी येत नाही. नवा डेटाबेस नव्या पत्त्यावर उभा राहतो, म्हणजे सगळ्या ॲप्लिकेशनमधला पत्ता बदलायला हवा. तो पत्ता किती ठिकाणी लिहिलेला आहे, हे अशा वेळी शोधायला बसणारे लोक कमी नाहीत. आणखी एक गंमत : स्नॅपशॉटमधून उभा केलेला डेटाबेस ‘उपलब्ध’ असं दाखवतो, पण त्याचा डेटा डिस्कवर मागून हळूहळू उतरत असतो. पहिले काही तास प्रत्येक क्वेरी रांगत चालते. हे माहीत नसलं, की लोक घाबरून चालू असलेलं काम मध्येच थांबवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

क्लाउड म्हणजेही शेवटी कुणाची तरी इमारतच असते. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. बॅकअपचे पैसे भरलेल्या काही ग्राहकांना तेव्हा कळलं, की आपला बॅकअपही त्याच जागेत होता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. पण न्यायालय डेटा परत देऊ शकत नाही. २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या ॲमेझॉन खात्याचा ताबा खंडणीखोराने घेतला आणि डेटा व बॅकअप दोन्ही पुसले, कारण दोन्ही त्याच खात्यात होते. कंपनी बंद झाली. याच्या उलट, मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं काय झालं ते पाहावं. सहा लाखांहून अधिक सभासदांचा हा निधी. गूगलकडून एक सेटिंग रिकामं राहिल्यामुळे त्यांचं एक अख्खं खासगी क्लाउड मुदत संपली असं समजून पुसलं गेलं. पण बॅकअप त्या क्लाउडच्या बाहेर होते, एक प्रत तर दुसऱ्याच पुरवठादाराकडे होती. दोन आठवडे त्रास झाला. निधी उभा राहिला.

आता थोडं जवळून पाहू. समजा, एका पतसंस्थेत दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाने एका ठेवीदाराचा व्याजदर दुरुस्त करायला अपडेट चालवला आणि त्यात ‘व्हेअर’ची, म्हणजे कुठली नोंद बदलायची ते सांगणारी, ओळ राहून गेली. सगळ्या ठेवींना एकच दर लागला. (माय-एसक्यूएलच्या क्लायंटमध्ये ‘सेफ-अपडेट्स’ नावाची सोय आहे, ती लावली तर असा हुकूम चालतच नाही. तिचं दुसरं अधिकृत नाव ‘मी मठ्ठ आहे’ अशा अर्थाचं आहे, म्हणून की काय, शहाणी माणसं ती लावत नाहीत.) ‘बॅकअप रोज होतो’ म्हणणारी व्यवस्था इथे काय करते? काल रात्रीची फाइल चालू डेटाबेसवरच चढवते. व्याजदर परत येतात आणि सकाळपासूनचा सगळा भरणा-उचल पुसला जातो. एक चूक निस्तरताना दुसरी, आधीपेक्षा मोठी.

करायचं ते असं. आधी ॲप्लिकेशनचं लिहिणं थांबवायचं. काउंटरवर दोन तास पावती पुस्तक चालेल. घड्याळात नेमकी वेळ टिपायची, पण डेटाबेसच्या घड्याळातली. भारतातले पुष्कळ सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात आणि ‘३ वाजून ९ मिनिटांपर्यंत आण’ असं आपल्या वेळेत सांगितलं, तर साडेपाच तासांचा घोळ होतो. बिघडलेल्या डेटाला हात लावायच्या आधी त्याचीच एक प्रत काढायची, कारण घाईतल्या दुरुस्तीने तो आणखी बिघडला तर निदान आहे तिथे परतता येईल. मग वेगळ्या मशीनवर कालचा बॅकअप उभा करायचा आणि त्याच्यावर आजचे बदल, माय-एसक्यूएलमध्ये बिनलॉग आणि पोस्टग्रेसमध्ये साठवलेल्या वॉल फाइली, त्या हुकुमाच्या अलीकडेपर्यंत चढवायचे. बिनलॉग असेल तर वेळेपेक्षा हुकुमाचं नेमकं स्थान शोधलेलं चांगलं. एका सेकंदात शंभर व्यवहार होऊ शकतात. पोस्टग्रेसमध्ये ठरलेल्या क्षणाशी थांबून आत डोकावून बघता येतं. अलीकडे थांबलो असू तर पुढे सरकता येतं; पलीकडे गेलो तर मागे येता येत नाही, बेस बॅकअपपासून पुन्हा सुरुवात. एवढं झालं, की तिथून फक्त व्याजदराचा स्तंभ उचलून चालू डेटाबेसमध्ये आणायचा आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. शेवटी एकूण ठेवी आणि शिल्लक काल संध्याकाळच्या छापील रोजकीर्दीशी आणि आजच्या पावत्यांशी जुळवायची. डेटा परत आला, हे संगणकाने सांगून चालत नाही; ते रोजकीर्दीने सांगावं लागतं.

यातली कुठली पायरी अडेल, हे आधी करून पाहिल्याशिवाय कळत नाही. बिनलॉग चालूच नव्हता, किंवा डिस्क भरते म्हणून दोन दिवसांचाच ठेवला होता. डंप घेताना बिनलॉगमधलं स्थान नोंदवायचा पर्याय दिलाच नव्हता. माय-एसक्यूएल-डंप सांगितल्याशिवाय स्टोअर्ड प्रोसीजर आणि इव्हेंट घेत नाही. व्याज आकारणी त्यांतच असली, तर डेटा येतो आणि व्याज लागत नाही. पीजी_डंप एका डेटाबेसचा असतो. त्यात वापरकर्ते आणि त्यांच्या भूमिका नसतात. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला आहे आणि त्याची किल्ली त्याच जळालेल्या सर्व्हरवर होती, हा प्रकार तर सर्रास घडतो. यांतलं एकही बॅकअप चालू असताना दिसत नाही. रिस्टोअर करायला बसलं, की पहिल्या तासात दिसतं.

घाबरलेल्या माणसाचे हातही ओळखीच्या चुका करतात. डिस्क भरली, पोस्टग्रेस थांबलं, की जागा करायला तो नावात ‘लॉग’ असलेलं फोल्डर पुसतो. पोस्टग्रेसमधल्या त्या फोल्डरचं नाव पूर्वी ‘पीजी_एक्सलॉग’ होतं आणि त्यात निरुपयोगी नोंदी नसून डेटाबेसचा प्राणच होता. इतक्यांनी ते पुसलं, की २०१७ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीत त्याचं नाव बदलून ‘पीजी_वॉल’ करावं लागलं. तिथे फाइली साचत असतील, तर बहुधा त्या बाहेर साठवण्याचं काम अडलेलं असतं, नाहीतर कधीच बंद केलेल्या रेप्लिकेचा स्लॉट अजून राखलेला असतो. तो शोधावा. माय-एसक्यूएल सुरूच होत नसेल, तर इनोडीबी या तिच्या साठवण-यंत्रणेची जबरदस्तीने सुरू करण्याची सेटिंग १ पासून एकेक वाढवावी आणि ४ पर्यंत जाण्याआधी फाइलींची प्रत हातात असावी, कारण तिथून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो.

परत आणायला लागणाऱ्या वेळाबद्दल तर कुणी बोलतच नाही. ५ एप्रिल २०२२ रोजी ॲटलासियन कंपनीत एक जुनं ॲप काढून टाकायची स्क्रिप्ट चालली. तिला ॲपच्या क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या अख्ख्या साइटचे क्रमांक दिले गेले होते, आणि ‘कायमचं पुसा’ हा पर्याय. अर्ध्या तासाच्या आत ८८३ साइट गेल्या, ७७५ ग्राहक अंधारात. ॲटलासियनचे बॅकअप उत्तम होते. नुकसान झालं ते बहुतेक ठिकाणी पुसण्याच्या आधीच्या पाचेक मिनिटांचं. तरी शेवटच्या ग्राहकाची साइट उभी राहायला १८ एप्रिल उजाडला. कारण सगळं एकदम परत आणायचा सराव होता, एखाद्या ग्राहकाचंही आणता येत होतं. पण चालू डेटाबेसमध्ये, इतरांना धक्का न लावता, शेकडो ग्राहक एकाच वेळी परत बसवायचा सराव नव्हता. सुरुवातीच्या पद्धतीत ७० हून जास्त पायऱ्या होत्या. वर आणखी एक फजिती : ग्राहकांशी संपर्क साधायची माहितीही त्याच साइटबरोबर पुसली गेली होती, आणि तक्रार नोंदवायच्या फॉर्ममध्ये जो साइटचा पत्ता लागे तो आता अस्तित्वातच नव्हता.

गिटहब या गिटलॅबसारख्याच सेवेचं उदाहरण विरोधकांना सोयीचं वाटेल, म्हणून मुद्दाम घेतलं पाहिजे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने पश्चिमेकडचा डेटाबेस मुख्य केला. पूर्वेकडे काही सेकंदांचे व्यवहार असे राहिले, की ते पश्चिमेकडे पोचलेच नव्हते. आता दोन्हीकडे वेगवेगळं सत्य. सेवा सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. गिटहब बॅकअप परत आणण्याची चाचणी रोज करत असे! मग चाचणीचा उपयोग काय झाला? झाला. बॅकअप चालतात ही खात्री होती, म्हणून घाईने सेवा सुरू न करता आधी डेटा शाबूत करायचा निर्णय त्यांना ठामपणे घेता आला आणि वेळेचा अंदाज बांधता आला. कमी पडलं ते एवढंच, की डेटाबेस सर्व्हरचा अख्खा समूह एकदम उभा करायची वेळ कधी आली नव्हती आणि दूरच्या साठवणीतून काही टेराबाइट ओढून आणायलाच तास गेले. म्हणजे रोजच्या छोट्या चाचणीबरोबर वर्षातून एकदा मोठीही हवी.

खर्चाची हरकत सर्वांत प्रामाणिक आहे. इतका मोठा डेटा, त्याची दुसरी प्रत आणि वर ती उभी करायला दुसरं मशीन, हे परवडायचं कसं? दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या जी-ड्राइव्हबद्दल हाच विचार केला होता. कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रं साठवणारी ही यंत्रणा ८५८ टेराबाइटची. आकारामुळे तिचा बाहेर बॅकअप ठेवलाच नव्हता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉनच्या सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली आणि तो सगळा साठा गेला. शिवाय बहुतेकांचा प्रश्न ८५८ टेराबाइटचा नसतोच. तालुक्याच्या पतसंस्थेचा डेटाबेस जुन्या, अडगळीत टाकलेल्या पीसीवर सहज उभा राहतो. क्लाउडवर चार तासांपुरतं मशीन भाड्याने घेऊन, चाचणी करून, काढून टाकता येतं. सोसायटीच्या जिन्याखाली टांगलेल्या अग्निशामक नळकांड्याची मुदत संपल्याचं जसं कुणी पाहत नाही, तसंच इथेही पैशापेक्षा पाहणाऱ्याचीच उणीव असते.

एक हरकत मात्र कुणी फारशी घेत नाही आणि तीच खरी वजनदार आहे. चाचणीसाठी ठेवीदारांचा, रुग्णांचा खरा डेटा दुसऱ्या मशीनवर उतरवायचा, म्हणजे तो फुटायची आणखी एक जागा तयार करायची. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा डोक्यावर असताना हे हसत करण्यासारखं नाही. म्हणूनच ते डेव्हलपरच्या लॅपटॉपवर करायचं नाही. मुख्य सर्व्हरला जी कुंपणं आहेत, त्यांच्या आतच वेगळं मशीन, इंटरनेट तोडलेलं. एसएमएस आणि ईमेल पाठवणारी कामं आधीच बंद केलेली, नाहीतर चाचणीच्या डेटाबेसवरून खऱ्या ग्राहकांना हप्त्याचे संदेश जातात. पडताळणी झाली की पुसायचं आणि पुसल्याची नोंद ठेवायची. हा त्रास आहे, पण बॅकअपच्या फाइलीही तितक्याच फुटण्याजोग्या असतात आणि त्यांच्याकडे तर कुणाचं लक्षही नसतं.

राहिला प्रश्न हे करवून घ्यायचं कसं. छोट्या संस्थांत डेटाबेस सांभाळणारा माणूस संस्थेचा नसतोच, सॉफ्टवेअर पुरवठादाराचा असतो. आणि देखभालीच्या करारात ‘बॅकअप सुविधा उपलब्ध’ एवढे तीन शब्द असतात. त्या जागी हे लिहून घ्यावं : दुर्घटनेनंतर किती तासांत काम सुरू होईल, जास्तीत जास्त किती मिनिटांचे व्यवहार हरवू शकतात, आणि दर तिमाहीला संस्थेच्या माणसासमोर, पुरवठादाराच्या नेहमीच्या नव्हे तर दुसऱ्याच कर्मचाऱ्याने, फक्त लिहून ठेवलेल्या पानावरून डेटाबेस उभा करून दाखवायचा. किती वेळ लागला, तो घड्याळ लावून लिहायचा. त्या दिवशीची शिल्लक रोजकीर्दीशी जुळवून व्यवस्थापकाने सही करायची. आणि हे झालं नाही तर त्या तिमाहीचं बिल अडवता येईल, हीही अट करारातच हवी. नाहीतर दुसऱ्या तिमाहीपासून चाचणीचा अहवाल जुनाच, फक्त तारीख बदलून येऊ लागतो.